सशाआधीची भूछत्रे

स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात टे नदीच्या काठावर डंकेल्ड नावाचे गाव आहे. १८९३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पॉटर कुटुंबाने या गावातील ईस्टवुड हे घर भाड्याने घेतले होते. कुटुंबातील मुलगी बिअॅट्रिक्स तेव्हा २७ वर्षांची होती. ३ सप्टेंबर रोजी तिने एका भूछत्राचे जलरंगातील चित्र पूर्ण केले. करड्या-काळ्या रंगाचे, अंगभर खवले असलेले, पाइनच्या शंकूसारखे दिसणारे हे भूछत्र स्कॉटलंडमध्ये क्वचितच सापडते. त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिलोमायसेस स्ट्रोबिलेसियस. इंग्रज लोक त्याला रानातला म्हातारा म्हणतात. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, तिने आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला, नोएल मूरला, पत्र लिहायला घेतले. काय लिहावे ते सुचेना, म्हणून तिने चार छोट्या सशांची गोष्ट रचली आणि मजकुराच्या अधूनमधून चित्रे काढली. तिसऱ्या दिवशी नोएलच्या धाकट्या भावाला पत्र गेले. त्यात मासे पकडायला निघालेला एक बेडूक होता.

ससा आणि बेडूक पुढे जगभर गेले. पीटर रॅबिट आणि जेरेमी फिशर ही नावे ठाऊक नसलेले मूल इंग्रजी वाचणाऱ्या घरांत विरळाच. भूछत्राचे चित्र मात्र तिच्या चित्रांच्या बासनात राहिले. तरीही त्या तीन दिवसांत बिअॅट्रिक्सला सर्वांत महत्त्वाचे वाटले असेल ते पहिल्या दिवशीचे काम. गोष्टी लिहून नाव मिळवावे असे काही तेव्हा तिच्या मनात नव्हते. कवकशास्त्रात आपल्या हातून काहीतरी घडावे, ही ओढ मात्र तिच्या पुढच्या चार वर्षांच्या धडपडीतून स्वच्छ दिसते.

हेलन बिअॅट्रिक्स पॉटर हिचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील बोल्टन गार्डन्स येथे झाला. दोन्हीकडच्या आजोबांनी लँकेशायरच्या कापूस उद्योगात पैसा मिळवला होता. वडील रूपर्ट बॅरिस्टर होते, पण वकिलीपेक्षा त्यांना छायाचित्रणाचा नाद अधिक. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्यासारख्यांची घरी ऊठबस असे. धाकटा भाऊ बर्ट्रम शाळेत गेला. बिअॅट्रिक्स गेली नाही. श्रीमंत घरच्या मुलीने घरीच शिक्षिकांकडून शिकावे, वयात आल्यावर आईच्या घरकारभारात हातभार लावावा आणि योग्य स्थळ येईपर्यंत वाट पाहावी, असा तो काळ होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिने ससे, उंदीर, सरडे, वटवाघूळ, साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी प्राणी असे बरेच काही पाळले. एखादा प्राणी मेला, तर भाऊ-बहीण त्याला उकळून हाडे वेगळी करत आणि सांगाडा जुळवून पाहत. हळव्या बालकथांच्या लेखिकेचे हे रूप अनेकांना अनपेक्षित वाटेल. पण तिच्या चित्रांतला ससा कपडे घातलेला असूनही ससाच राहतो, त्याचे सांधे चुकत नाहीत, त्याचे मूळ या सांगाड्यांत आहे.

पंधरा वर्षांची असताना, १८८१ च्या सुमारास, तिने स्वतःच तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहायला सुरुवात केली. ही रोजनिशी तिने सोळा वर्षे चालवली आणि ती कुणालाही वाचता आली नाही. तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५८ मध्ये, लेस्ली लिंडर या अभ्यासकाने या लिपीचा उलगडा केला आणि १९६६ मध्ये, तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रोजनिशी छापून निघाली. तोवर कवकांच्या अभ्यासाची कथा फारशी कुणाला माहीत नव्हती. आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्या बारीक, गिचमिड अक्षरांतून आले आहे.

भूछत्रांकडे ती वळली ती आधी त्यांच्या रंगांमुळे. पॉटर कुटुंब दर उन्हाळ्यात तीन-तीन महिने लंडनबाहेर मुक्काम करी. १८७१ ते १८८१ ही अकरा वर्षे मुक्काम पर्थशायरमधील डॅलगाइज हाउस येथे असे; पुढे उत्तर इंग्लंडचा सरोवरांचा प्रदेश आणि पुन्हा स्कॉटलंड. सप्टेंबर-ऑक्टोबरचा ओलसर काळ भूछत्रांचा. फुले पुष्कळांनी रंगवली होती. मराठीत कुत्र्याची छत्री म्हणून हिणवलेल्या या उगवणीकडे तिकडचे सुशिक्षितही नाक मुरडूनच पाहत. एखाद-दुसरी खाण्याची जात वगळली, तर बाकी साऱ्यांना एकच तुच्छतेचे नाव होते. बिअॅट्रिक्सने मात्र जे सापडेल ते उचलले. चित्र उत्तम उतरे; नाव काय, हे कळत नसे.

नाव कळणे हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही, हे येथे सांगायला हवे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कुरणांत आणि घरामागच्या हिरवळीवर पावसानंतर जी पांढरी छत्री उगवते, ती अॅगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस ही रुचकर जात असू शकते. तशीच दिसणारी अॅगॅरिकस झँथोडर्मस ही जात पोटात गेली तर उलट्या-जुलाबांनी हैराण करते. आणि जवळ ओकसारखे झाड असेल, तर फिकट हिरवट छटेची अमानिता फॅलॉइडीसही गवताच्या कडेला येऊ शकते. तिला इंग्रजीत मृत्यूची टोपी म्हणतात ते उगाच नव्हे. तिचे विष सहा ते चोवीस तास काही लक्षण दाखवत नाही. मग उलट्या, मग माणसाला बरे वाटू लागल्याचा भास, आणि त्या अवधीत यकृत निकामी होत गेलेले असते. शिजवल्याने हे विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो की नाही यावरून परीक्षा करण्याची जुनी समजूत तर निखालस खोटी आहे.

हा भेद ओळखायचा कसा? वरून पाहून नाही. छत्री उलटी करून खालचे कल्ले पाहावे लागतात. खाण्याच्या कुरणी जातीचे कल्ले कोवळेपणी गुलाबी, मग चॉकलेटी-तपकिरी होतात. मृत्यूच्या टोपीचे शेवटपर्यंत पांढरे राहतात. कल्ले दांड्याला चिकटलेले आहेत की सुटे, दांड्यावर खाली उतरतात की वरच संपतात, हे पाहावे लागते. दांडा मध्यावर उभा कापून पोकळ की भरीव ते तपासावे लागते. दांड्यावर वलय आहे का, आणि मातीत रुतलेल्या तळाशी फाटक्या पिशवीसारखी वाटी आहे का, हे तर फारच महत्त्वाचे. दांड्यापासून खुडून आणलेल्या भूछत्राचा हा शेवटचा पुरावा जमिनीतच राहून जातो, आणि कितीतरी अपघात तेवढ्याने झाले आहेत. झँथोडर्मसचा तळ नखाने खरवडला की झर्रकन पिवळा पडतो आणि शाईसारखा वास येतो. यानंतर रात्रभर छत्री कागदावर पालथी ठेवायची. सकाळी कागदावर बीजाणूंच्या भुकटीचा ठसा उमटतो. स्वीडनच्या एलियास फ्रीस याने १८२१ पासून जे वर्गीकरण रूढ केले, त्यात कल्लेवाल्या भूछत्रांची मोठी विभागणी या ठशाच्या रंगावरच होती: पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळा. एवढे सारे करूनही जाणकार खाण्याआधी दहादा विचार करतात.

यातले पुष्कळसे बिअॅट्रिक्सला शिकवले ते एका निवृत्त टपालवाल्याने.

चार्ल्स मॅकिंटॉश हा डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचा. तरुणपणी लाकडाच्या गिरणीत त्याच्या डाव्या हाताची बोटे तुटली. तरीही तो चेलो वाजवत असे. तीसहून अधिक वर्षे त्याने टपाल वाटण्यासाठी रोज पंधरा-सोळा मैलांची पायपीट केली, आणि त्या पायपिटीत शेवाळे, नेचे, भूछत्रे पाहता पाहता तो परगण्यातला नामांकित निसर्ग-अभ्यासक झाला. पर्थशायरच्या निसर्गविज्ञान मंडळातील डॉ. बुकॅनन व्हाइट यांनी त्याला शास्त्रीय पुस्तकांची वाट दाखवली. लहानपणी डॅलगाइजला बिअॅट्रिक्सने त्याला पत्रांची पिशवी घेऊन येताना पाहिले होते. १८९२ च्या ऑक्टोबरात, बर्नमच्या मुक्कामात, ती त्याला अभ्यासक म्हणून भेटली. उंच, लाजाळू, बुजरा असा हा माणूस मोठ्या घरच्या दिवाणखान्यात अवघडून बसला होता. तिने चित्रे पुढे ठेवली आणि त्याचा बुजरेपणा गळून पडला. भूछत्रांविषयी तो मोकळेपणाने बोलू लागला. ते सारे तिने रोजनिशीत कौतुकाने आणि थोड्या मिस्कीलपणाने टिपून ठेवले आहे.

त्यांच्यात एक करार ठरला. हिवाळ्यात ती लंडनला असताना मॅकिंटॉशने नमुने टपालाने पाठवायचे. तिने त्यांची चित्रे काढून एक प्रत त्याला द्यायची. त्याने नावे कळवायची आणि चुका दाखवायच्या. नमुना ताजा असेपर्यंत रंगवायचा, म्हणजे पार्सल आले की हातातले काम टाकून बसायचे. मॅकिंटॉशने तिला सांगितले की चित्रे सुंदर आहेत, पण अभ्यासकाच्या उपयोगी पडायची तर उभा छेद वेगळा दाखवायला हवा, कल्ले दांड्याला कसे जोडलेले आहेत आणि दांडा पोकळ आहे की नाही हे कळायला हवे. तिने ते तंतोतंत पाळले. १८९३ नंतरच्या चित्रांत पूर्ण भूछत्राशेजारी त्याचा छेद येतो, कोवळे-जून असे टप्पे येतात, गवताची काडी वा वाळलेले पान तेवढे सोबतीला राहते. श्रीमंत घरच्या मुलीला गावच्या टपालवाल्याने गुरू म्हणून शिकवावे, ही गोष्ट व्हिक्टोरियन समाजरचनेत साधी नव्हती. दोघांपैकी कुणीही तिचा बाऊ केला नाही.

लंडनमध्ये मात्र दारे सहज उघडत नव्हती. नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. तेथे जाऊन ती नमुने ताडून पाही, कीटक आणि जीवाश्मांची चित्रे काढी. पण कपाटांतल्या वस्तूंवर नीट नावे नसत आणि कुणाला काही विचारावे, तर विचारायचे कुणाला हेच कळत नसे, अशी तिची तक्रार होती. तिचा स्वभाव संकोची. नोकरीत नाही, विद्यापीठात नाही, पुरुष नाही. अशा व्यक्तीने प्रश्न विचारण्याची जागा त्या इमारतीत नव्हती.

दरम्यान, तिची जिज्ञासा नावांच्या पुढे गेली होती. ठशातली भुकटी ही भूछत्राची बीजे मानली, तर ती रुजतात कशी? ब्रिटनमधील बहुतेक अभ्यासक याविषयी साशंक होते किंवा उदासीन. जर्मनीत ऑस्कर ब्रेफेल्ड याने असे प्रयोग केले होते, पण ते लंडनच्या एका घरातल्या मुलीपर्यंत कसे पोहोचणार? तिने काचपट्टीवर बीजाणू पेरले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर तासन्‌तास नजर ठेवली. बीजाणूतून अंकुर फुटून सूतासारखा तंतू निघताना तिने पाहिला, ६०० पट मोठा करून रेखाटला. हिवाळ्यात ओंडक्यांवर उगवणारी, मखमली दांड्याची फ्लॅम्युलिना व्हेल्युटिपिस ही तिच्या यशस्वी जातींपैकी एक. जमिनीवर दिसणारी छत्री हे कवकाचे केवळ फळ. खरा जीव मातीत आणि लाकडात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्यात असतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. हिरवळीवर भूछत्रांची गोलाकार रांग उगवते आणि दरवर्षी वर्तुळ थोडे मोठे होते, ते या जाळ्याच्या कडेने. लोककथांनी त्यावर पऱ्यांना नाचवले.

तिचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, सर हेन्री रॉस्को हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८९६ च्या मे महिन्यात तिला क्यू येथील राजउद्यानात नेले. संचालक विल्यम थिसेल्टन-डायर यांनी तिला प्रवेशपत्र दिले. चित्रांकडे पाहिले, पण त्यात फार रस घेतला असे नाही. कवकविभाग जॉर्ज मॅसी यांच्याकडे होता. बिअॅट्रिक्स क्यूला येत राहिली, मॅसींशी वाद घालत राहिली. बीजाणू रुजवून दाखवल्याचे तिचे म्हणणे त्यांना प्रथम पटले नाही. मग तेही काचपट्ट्यांवर प्रयोग करू लागले आणि हळूहळू तिच्या बाजूला आले. संकोची मुलीची ही जिद्द तिच्या घरच्यांनाही ठाऊक नसावी. रोजनिशीतल्या या पानांवर मात्र चक्क विनोद आहे, चीड आहे, आणि प्रतिष्ठित माणसे किती घाबरट असतात याचे निरीक्षणही आहे.

१८९६ च्या डिसेंबरात तिने आपले निष्कर्ष संचालकांपुढे ठेवले. त्यांनी रॉस्कोंना पत्र पाठवले. पत्र असे होते की, रॉस्कोंनी ते पुतणीला दाखवायला नकार दिला. ते उद्धट आहे, एवढेच तिला कळले. रॉस्कोंचा अभिमान दुखावला, आणि त्याचा एक चांगला परिणाम झाला: त्यांनी तिला निबंध लिहायला बसवले. शास्त्रीय निबंध कसा मांडतात, मथळा कसा असावा, हे काकांनीच तिला दाखवले. निबंधाचा विषय होता कल्लेवाल्या भूछत्रांच्या बीजाणूंचे अंकुरण.

१ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत हा निबंध ठेवण्यात आला. लेखिका म्हणून नाव होते मिस हेलन बी. पॉटर. ती स्वतः तेथे नव्हती. स्त्रियांना या संस्थेचे सदस्यत्व नव्हते आणि सभांना बसण्याचीही मुभा नव्हती; निबंध तिच्या वतीने जॉर्ज मॅसी यांनी मांडला. त्यानंतर आठवड्याभरातच तो तिच्या वतीने मागे घेण्यात आला. पुढे सप्टेंबरमध्ये मॅकिंटॉशला लिहिलेल्या पत्रात तिने कळवले की, मॅसींच्या सांगण्यानुसार निबंधाचे स्वागत बरे झाले, मात्र छापण्याआधी त्यात आणखी काम व्हायला हवे असे सभासदांचे मत पडले. निबंध कधीच छापला गेला नाही. त्याची प्रतही आजवर सापडलेली नाही.

या घटनेभोवती पुढे बऱ्याच दंतकथा रचल्या गेल्या. निबंध फेटाळला, हाकलून लावले, चोरला, असे काहीही लिहिले जाते. उपलब्ध नोंदी एवढेच सांगतात की तो मागे घेतला गेला. तिची वाढ बाहेरच्या बुरशीने दूषित झाली असावी आणि तिलाच ते जाणवले असावे, असेही काही अभ्यासकांना वाटते. दगडफूल, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले ते करडे पापुद्रे, हे कवक आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, हे ब्रिटनमध्ये तिनेच प्रथम मांडले, हा दावाही वारंवार आढळतो. तिच्या नोंदींतून तो तितकासा सिद्ध होत नाही. अन्याय झाला तो मात्र वाढवून सांगण्याची गरज नाही इतका उघड आहे. ज्या सभेत तिच्या कामावर प्रश्न विचारले गेले असतील, त्या सभेत उत्तर द्यायला तिला जागा नव्हती. पुढचे काम करायला प्रयोगशाळा नव्हती, मार्गदर्शक नव्हता, मुदत वाढवून मागावी असे पद नव्हते. स्त्रियांना लिनियन सोसायटीने सदस्य म्हणून प्रथम निवडले ते १९०४ मध्ये. आणि तिला वाईट वागणूक मिळाल्याची कबुली संस्थेच्या वतीने देण्यात आली ती निबंधाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९७ मध्ये.

त्या एप्रिलमध्ये तिला काय वाटले, हे रोजनिशीवरून कळत नाही. सोळा वर्षे चाललेली रोजनिशी त्याआधीच, १८९७ च्या जानेवारीत, थांबली आहे. थोडी चित्रे पुढे निघाली, थोडे प्रयोग झाले आणि हळूहळू तो उत्साह ओसरला.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो थोडक्यात. नोएलने जपून ठेवलेले पत्र तिने परत मागून घेतले आणि त्याचे पुस्तक केले. अनेक प्रकाशकांनी ते नाकारले, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. फ्रेडरिक वॉर्न कंपनीने १९०२ मध्ये रंगीत आवृत्ती काढली आणि ती हातोहात खपली. ३९ व्या वर्षी, १९०५ च्या जुलैमध्ये, तिने प्रकाशक कुटुंबातल्या नॉर्मन वॉर्नला होकार दिला. व्यापारी माणूस म्हणून तिच्या आई-वडिलांचा विरोध होता. ज्यांची संपत्ती कापडाच्या व्यापारातून आली, त्यांचा. महिनाभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मनचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्याच वर्षी तिने नियर सॉरी गावातले हिल टॉप हे शेत विकत घेतले. १९१३ मध्ये, ४७ व्या वर्षी, विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी तिचा विवाह झाला. मग बालसाहित्याची लेखिका मागे पडली आणि मिसेस हीलिस या नावाची एक करारी शेतकरीण उरली. ती हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळी, प्रदर्शनांत बक्षिसे मिळवी, डोंगरउतारांवर घरे बांधण्याचे बेत कानावर आले की तेथली शेते विकत घेई. २२ डिसेंबर १९४३ रोजी ती वारली, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन आणि शेते तिने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन ठेवली होती. तिची रक्षा टॉम स्टोरी या तिच्या मेंढपाळाने, तिच्या इच्छेनुसार, कुणालाही जागा न सांगता डोंगरात विखुरली.

भूछत्रांची चित्रे तिने विकली नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने त्यांची किंमत ती जाणून होती. शंभरांनी असलेली ही चित्रे, सूक्ष्मदर्शकाखालची रेखाटने धरून सुमारे ४५०, तिने अॅम्बलसाइड येथील आर्मिट ग्रंथालयाकडे सोपवली. मॅकिंटॉशला दिलेल्या प्रती पर्थच्या संग्रहालयात आहेत. तो टपालवाला १९२२ मध्ये वारला. त्याच्या हयातीत त्याची विद्यार्थिनी जगप्रसिद्ध झाली होती, पण त्याच्या क्षेत्रात नव्हे.

तिच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, १९६७ मध्ये, कवकतज्ज्ञ डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी ‘वेसाइड अँड वुडलँड फंगाय’ हे ब्रिटनमधील भूछत्रे ओळखण्याचे पुस्तक काढले. त्यासाठी चित्रे हवी होती, अशी की छत्रीचा कडा, कल्ल्यांची जोडणी, दांड्याचा पोत, तळाची वाटी हे सारे एका नजरेत दिसावे आणि रंग चुकू नयेत. छायाचित्रात ओला चकाकीपणा येतो, पण उन्हाच्या तिरिपीने रंग बदलतो. शिवाय एकाच वेळी वरची बाजू आणि छेद त्यात दाखवता येत नाही. फिंडले यांनी आर्मिटमधली बासने उघडली. पुस्तकात बिअॅट्रिक्स पॉटरची ५९ चित्रे आहेत. कुरणात एखादी अनोळखी छत्री हाती घेतलेल्या माणसाला ती ताडून पाहता यावी, म्हणून ती वापरली गेली.